बक्षिसीचें नवें यंत्र

‘बक्षिसी’ हा शब्द फारसींतून आपल्या भाषेंत आला आणि येथें इतका रुळला कीं, त्याचें परकेपण आतां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. दिवाळींत पोस्टमनला दिलेली पोस्त, लग्नकार्यांत वाजंत्र्यांच्या हातावर ठेवलेले चार पैसे, खाणावळींत वाढप्यासाठीं मागें ठेवलेलीं नाणीं, हीं सारीं तिचींच रूपें होत. ज्याला वेतन देण्याची जबाबदारी वास्तविक दुसऱ्याची, त्याला गिऱ्हाइकानें आपखुषीनें वर कांहीं द्यावें, एवढाच तिचा अर्थ. हॉटेलांत तर या देण्याची एक रीतच पडून गेली होती. जेवण आटोपलें म्हणजे बडीशेपेच्या बशींतून बिल यावयाचें, त्याच बशींत पैसे ठेवावयाचे, आणि मोड परत आली म्हणजे तींतील दोनचार नाणीं बशींतच राहूं द्यावयाचीं. कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं. बशी उचलतांना वेटरनें तिच्याकडे एकदां पाहिलें कीं त्याला समजावयाचें तें समजत असे.

त्या नाण्यांनीं त्याला तीन गोष्टी सांगितलेल्या असत: किती दिलें, कोणीं दिलें आणि कशाबद्दल दिलें. शिवाय तीं नाणीं त्याच क्षणीं त्याच्या खिशांत जात. मालकाची मर्जी, महिनाअखेर किंवा हिशेबाची वही यांपैकीं कशाचीच आडकाठी मध्यें येत नसे. निरोप नेहमींच गोड असे असें नव्हे. दोन तास टेबल अडवून बसलेल्या मंडळींनीं बशी रिकामी ठेवली, तर त्या रिकाम्या बशीचा अर्थहि वेटरला कळतच असे. पण गोड असो वा कडू, निरोप पोंचत असे खरा.

गेल्या दहापंधरा वर्षांत हा व्यवहार नाण्यांतून यंत्रांत गेला. अमेरिकेंत २००९ सालीं ‘स्क्वेअर’ नांवाची कंपनी निघाली आणि तिच्यासारख्या कंपन्यांनीं लहानमोठ्या दुकानांच्या गल्ल्यावर कांचेचा एक पडदा आणून ठेवला. गिऱ्हाइकानें कार्ड लावलें कीं नोकर तो पडदा त्याच्याकडे वळवितो. त्यावर आंकडे तयार असतात: अठरा टक्के, वीस टक्के, पंचवीस टक्के, आणि कोपऱ्यांत, बहुधा लहान अक्षरांत, ‘बक्षिसी नको’. पूर्वीं ज्या ठिकाणीं बक्षिसीचा प्रश्नच नव्हता, त्या कॉफीच्या आणि पावाच्या दुकानांतहि हा प्रश्न विचारला जाऊं लागला. ‘प्यू’ या संशोधन संस्थेनें २०२३ सालीं अमेरिकेंतील प्रौढांची पाहणी केली, तेव्हां शंभरांपैकीं बहात्तर जणांनीं सांगितलें कीं, पांच वर्षांपूर्वींपेक्षां आतां अधिक ठिकाणीं बक्षिसीची अपेक्षा केली जाते. गिऱ्हाइकाच्या या वैतागावर तेथील वर्तमानपत्रांनीं रकानेच्या रकाने भरले. टेबलाच्या पलीकडे उभा असलेल्या माणसाचें काय झालें, हा प्रश्न त्या मानानें मागें राहिला; आणि खरा विचार करण्याजोगा प्रश्न तोच आहे.

बक्षिसीच्या समर्थनार्थ नेहमीं एक गोष्ट सांगितली जाते. चांगली सेवा करील त्याला अधिक मिळेल, म्हणून तो अधिक चांगली सेवा करील. ऐकावयास हें इतकें सरळ आहे कीं तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटूं नये. पण अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल लिन यांनीं आपलें बहुतेक आयुष्य हेंच तपासण्यांत घालविलें. पूर्वीं झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें २००० सालीं जो निष्कर्ष काढला, तो हॉटेलमालकांना रुचण्याजोगा नव्हता. एका गिऱ्हाइकाची बक्षिसी दुसऱ्याहून कमीजास्त कां असते, याच्या कारणांत सेवेच्या चांगलेपणाचा वांटा शेंकडा दोनांहूनहि कमी भरला. बक्षिसी मुख्यतः बिलाच्या रकमेवर चालते आणि गिऱ्हाइकाच्या संवयीवर. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत तर असें दिसलें कीं, बिलाबरोबर एक लहानसें चॉकलेट ठेवलें कीं बक्षिसी वाढते, आणि वेटरनें वळून जातां जातां परत येऊन आणखी एक दिलें कीं ती अधिकच वाढते. स्वयंपाक तोच, वाढणें तेंच. फरक पडला तो एका चॉकलेटचा! आपल्या बडीशेपेची अशी परीक्षा कोणी घेतली असती तर निकाल मनोरंजक लागला असता.

मग बक्षिसीनें माणसाला हुरूप येतो ही समजूत खोटीच म्हणावयाची काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. प्राध्यापकांनीं आंकडेमोड करून जें सिद्ध केलें, तें जुन्या वेटरला अनुभवानें ठाऊकच असतें. कोणतें गिऱ्हाईक देईल आणि कोणतें देणार नाहीं, हें तो पाणी ठेवतांनाच ओळखतो. तरीहि त्याला बक्षिसीचें मोल वाटतें, तें तिच्यांत न्याय असतो म्हणून नव्हे. ती त्याला दिसते, लागलीच मिळते आणि मालकाच्या हातून मिळत नाहीं, म्हणून वाटतें. दिवसभर ज्याला दहा जण हुकूम करतात, त्याच्या कमाईचा हा एकच भाग असा कीं ज्यासाठीं त्याला कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. हुरूप येतो तो या स्वतंत्रपणामुळें. यंत्रानें धक्का दिला आहे तो नेमका त्यालाच.

पहिला धक्का वेळेचा. अमेरिकेंतील कॉफीच्या दुकानांत पडदा पुढें येतो, तेव्हां कॉफी अद्याप तयार व्हावयाची असते. जी सेवा झालीच नाहीं तिचें बक्षीस आधींच ठरून जातें. मग ती कॉफी मन लावून केली काय आणि कशीबशी केली काय, बक्षिसीच्या दृष्टीनें सारखेंच. दुसरा धक्का अर्थाचा. अठरा टक्के हा आंकडा गिऱ्हाइकाच्या मनांतून आलेला नसतो. यंत्रानें तो सुचविलेला असतो. समोर नोकर उभा, मागें रांग लागलेली, अशा वेळीं दाबलेल्या त्या कळींत संतोष किती आणि संकोच किती, हें कळीकडे पाहून कसें कळावें? नोकरालाहि तें कळत नाहीं, आणि कळत नाहीं हें त्याला कळतें. पडदा फिरवितांना पुष्कळ नोकर मान दुसरीकडे वळवितात, ती उगीच नव्हे.

या पडद्याच्या मागें आणखी एक गोष्ट चालते, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कोणत्या वेटरच्या नांवावर किती बक्षिसी जमली, याचा तक्ता यंत्र आपोआप तयार करतें. नाण्यांचा असा तक्ता कधींच नव्हता. आतां व्यवस्थापकाला तो पाहून अमका कामांत हुशार आणि तमका मंद असें ठरविण्याचा मोह होणें साहजिक आहे. पण बक्षिसीचा आंकडा सेवेविषयीं इतकें थोडें सांगतो, हें वर आलेंच आहे. शिवाय त्यांत गिऱ्हाइकाचे पूर्वग्रहहि मिसळलेले असतात. अमेरिकेंत कृष्णवर्णीय वेटरला गोऱ्या वेटरपेक्षां कमी बक्षिसी मिळाल्याचें लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००८ सालच्या पाहणींत आढळलें. नाण्यांच्या काळांत तो अन्याय खिशापुरता राहत असे. यंत्रांत तो नोकरीच्या दप्तरांत जाऊन बसूं शकतो.

तिसरा धक्का या सर्वांहून मोठा, आणि तो मालकीचा. कार्डानें दिलेली रक्कम आधीं मालकाच्या खात्यांत जाते. तेथून ती नोकराकडे केव्हां, किती आणि कोणत्या हक्कानें यावयाची? हा प्रश्न लंडनमधील एका उपाहारगृहांतील वेटरांनीं न्यायालयांत नेला, तेव्हां कांचेचे पडदे अजून निघावयाचे होते. कार्डें आणि चेक मात्र चालू झालेले होते. गिऱ्हाइकें बिलाबरोबर बक्षिसीहि कार्डानें किंवा चेकनें देत. मालक तेवढी रक्कम वेटरांना देई खरी, पण ती देऊन कायद्यानें ठरविलेलें किमान वेतन पुरें झालें असें म्हणे. वेटरांचें म्हणणें असें कीं, हे पैसे गिऱ्हाइकानें आम्हांला दिले आहेत. आमच्याच पैशांनीं आमचें वेतन कसें भागवितां? इंग्लंडमधील न्यायालयांत ते हरले. पुढें हा वाद फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें असलेल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढें गेला, आणि २००२ च्या सप्टेंबरांत तेथेंहि निकाल मालकाच्या बाजूनें लागला. कार्डानें वा चेकनें दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीनें आधीं मालकाची होते आणि मग तो आपल्या पैशांतून वेटरला देतो, असें न्यायाधीशांच्या बहुमताचें म्हणणें पडलें. म्हणजे गिऱ्हाईक तेंच, हेतु तोच, रक्कमहि तीच. पण नोट टेबलावर ठेवली तर ती वेटरची, आणि कागदावर सही केली तर ती मालकाची! कायद्याच्या अंगानें हा निर्णय बिनचूक असेल. परंतु तो वाचल्यावर लंडनमधील कोणत्या वेटरनें कार्डाच्या बक्षिसीसाठीं हंसतमुखानें धांवपळ केली असेल, याची शंकाच आहे.

ब्रिटनमध्यें हें सुधारावयास बावीस वर्षें लागलीं. १ ऑक्टोबर २००९ पासून बक्षिसीची रक्कम किमान वेतनांत धरण्यास बंदी झाली. तरी ती सबंध नोकराला दिलीच पाहिजे असें बंधन नव्हतें. कांहीं मोठ्या हॉटेल-साखळ्या कार्डावरील बक्षिसींतून ‘व्यवस्थेचा खर्च’ या नांवाखालीं कांहीं टक्के कापून घेत. २०१५ सालीं हें वर्तमानपत्रांत आलें, कामगार संघटनांनीं गिल्ला केला, आणि शेंकडा आठ कापणाऱ्या एका साखळीला ती प्रथा त्याच वर्षीं बंद करावी लागली. अखेर मे २०२३ मध्यें बक्षिसीच्या वांटणीचा स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्यें लागू झाला. त्याअन्वयें मालकाला बक्षिसींतून स्वतःसाठीं कांहींहि कापतां येत नाहीं. कार्डाचा खर्चहि नाहीं. ज्या महिन्यांत गिऱ्हाइकानें पैसे दिले, त्याच्या पुढील महिना संपण्यापूर्वीं ते नोकरांत न्याय्य रीतीनें वांटले पाहिजेत. वांटणीचे नियम लेखी असले पाहिजेत, नोंदी तीन वर्षें ठेवल्या पाहिजेत, आणि नोकरानें मागितल्यास त्याला त्या दाखविल्या पाहिजेत. या कायद्यानें वर्षाला सुमारें वीस कोटी पौंड नोकरवर्गाच्या पदरांत पडतील असा सरकारचा अंदाज होता.

यांतील नोंद पाहण्याचा हक्क हें कलम दिसावयास लहान आहे. पण हुरुपाच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें. नाणें खिशांत पडत असे तेव्हां नोंदीची गरज नव्हती. नाणें हीच नोंद होती. यंत्रांतील पैसा डोळ्यांना दिसत नाहीं. तो महिन्याभरानें, इतर रकमांत मिसळून, वेतनाच्या कागदावर एक ओळ होऊन येतो. त्या ओळीवर विश्वास बसला तरच माणूस तिच्यासाठीं चार पावलें अधिक टाकील.

अमेरिकेंत गोष्ट निराळी, आणि अधिक कठीण. तेथें बक्षिसी हा हुरुपाचा विषय फार दिवसांपासून राहिलेलाच नाहीं. ती भाकरी आहे. ज्या नोकराला बक्षिसी मिळते, त्याला मालकानें स्वतः द्यावयाचें किमान वेतन तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणें तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि हा आंकडा १९९१ सालापासून हाललेला नाहीं. बक्षिसी धरून ७ डॉलर २५ सेंट पुरे होत नसतील तर उरलेली भर मालकानें घालावयाची. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसारख्या कांहीं राज्यांनीं मालकांना ही सवलत नाकारली आहे. पुष्कळ राज्यांत ती चालू आहे. मालकांनीं व व्यवस्थापकांनीं बक्षिसी स्वतःकडे ठेवूं नये असा स्पष्ट कायदा २०१८ सालीं झाला. पण कार्डावरील बक्षिसीवर कार्ड कंपनी जो खर्च लावते, त्यांतला बक्षिसीपुरता भाग मालकानें कापून घेतला तरी केंद्रीय कायदा त्याला हरकत घेत नाहीं.

बक्षिसी सबंध बंद करून वेतनच वाढवावें, हा विचार सुचतोच. तो तेथें अंमलांतहि आणला गेला. न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध उपाहारगृहचालक डॅनी मेयर यांनीं २०१५ सालीं आपल्या उपाहारगृहांत बक्षिसी बंद केली, पदार्थांच्या किंमती वाढविल्या आणि तो पैसा वेतनांत घातला. त्यांचा हेतु चांगला होता. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणें बक्षिसीचा वांटा भटारखान्यांतील माणसांना देतां येत नाहीं. त्यामुळें बाहेर वाढणाऱ्याची कमाई फुगत गेली आणि आंत चुलीपुढें उभा राहणाऱ्याची तेथेंच राहिली. ही दरी त्यांना बुजवावयाची होती. पण ज्यांची कमाई बक्षिसीवर चांगली चालली होती ते अनुभवी वेटर नोकरी सोडून जाऊं लागले, आणि २०२० सालीं साथीच्या काळांत मेयर यांनीं बक्षिसी पुन्हां सुरू केली. एकट्यानें रीत बदलूं म्हणणारा बाजारांत एकटाच पडतो, हें त्यांच्या अनुभवास आलें.

यंत्राच्या बाजूनें मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लोकांच्या खिशांत रोख पैसाच राहिला नाहीं, तेव्हां यंत्र नसतें तर बक्षिसी शून्यावरच आली असती. आपल्याकडे हें अधिकच खरें आहे. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढील कांहीं वर्षांत भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांच्या पुढ्यांत ठिपक्यांच्या चौकोनाची पाटी लागली. मोड परत येणेंच बंद झालें. मग बशींत ठेवावयाचें काय?

येथें मात्र भारतांतील पद्धतीचा एक गुण नजरेंत भरतो. यूपीआयनें पैसे मालकाच्या यंत्रांतून गेलेच पाहिजेत असें नाहीं. वेटरच्या स्वतःच्या मोबाईलवर त्याचा चौकोन असतो. गिऱ्हाइकानें तो टिपला कीं दहावीस रुपये त्याच क्षणीं वेटरच्या बँकेच्या खात्यांत जातात, देणाऱ्याचें नांवहि दिसतें, आणि मध्यें कोणी कांहीं कापत नाहीं. कार्डानें जें हिरावून घेतलें तें या चौकोनानें बरेंचसें परत दिलें. अडचण एवढीच कीं चौकोन पुढें करणें म्हणजे तोंडानें मागणें. आणि बशी कधीं मागत नसे. मानी वेटरला तें जमत नाहीं, आणि संकोची गिऱ्हाइकाला आवडत नाहीं. शिवाय पूर्वीं पुष्कळ हॉटेलांत गल्ल्याजवळ बक्षिसीची एक पेटी असे. तींतील पैसे ठराविक दिवशीं सर्वांत वांटले जात. भांडीं घासणाऱ्यालाहि त्यांतून कांहीं मिळे. वेटरच्या मोबाईलवर आलेले वीस रुपये मोरीपर्यंत पोंचतील कीं नाहीं, हें त्या वेटरच्या मनावर राहिलें.

बिलांत ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप चढवूं नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं काढल्या आणि मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें त्या उचलून धरल्या. सूचना योग्यच आहेत. परंतु त्या ग्राहकाच्या बाजूनें लिहिलेल्या आहेत. वसूल झालेल्या रकमेंतून नोकराला किती पोंचलें पाहिजे, याविषयीं त्यांत अक्षर नाहीं.

लंडनच्या वेटरांचा प्रश्न आपल्याकडे फार साध्या वेषांत रोज उभा राहतो. बिल होतें चारशें साठ रुपयांचें. गिऱ्हाईक गल्ल्यावरील मालकाच्या पाटीवर पांचशें रुपये भरतें, ‘वरचे राहूं द्या’ म्हणतें आणि निघून जातें. ते चाळीस रुपये आतां मालकाच्या खात्यांत आहेत, आणि ज्याच्यासाठीं ते दिले तो त्या वेळीं दुसऱ्या टेबलावर पाणी ठेवीत आहे. कांहीं ठिकाणीं गल्ल्यावरील माणूस तेवढी रक्कम रोख काढून लागलीच त्याच्या हातावर ठेवतो. कांहीं ठिकाणीं ती वहींत लिहिली जाते आणि आठवड्याला हिशेब होतो. कांहीं ठिकाणीं ती लिहिलीच जात नाहीं, आणि चाळीस रुपये आले होते हें वेटरला कधीं कळतहि नाहीं.